विशेषणाचे नाम होते तेव्हा

मराठी घेऊन एम. ए. व्हायचे आणि पोटासाठी पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरायचे, असे करणारे आम्ही काही एकटेच नव्हेत. आमच्या कामाला तिकडे 'टेक्निकल रायटर' म्हणतात. संगणकप्रणाली तयार करणारे आपल्या भाषेत काही लिहून ठेवतात; ती वापरणाऱ्याला समजेल अशा भाषेत ते पुन्हा लिहायचे, एवढेच हे काम. महाविद्यालयातले जुने स्नेही भेटले की हमखास विचारतात, तिकडे तुमच्या साहित्याच्या अभ्यासाचा उपयोग तो काय? या प्रश्नाची बोळवण आम्ही बरीच वर्षे विनोदाने करत आलो. आज जरा गंभीरपणे उत्तर द्यावेसे वाटते. ज्या विषयावर लिहायचे आहे तो वरवर पाहता व्यवस्थापनाचा आहे. आमच्या मते तो मुळात वाचनाचा आहे.

विषय आहे 'ॲजाइल' नावाच्या कार्यपद्धतीचा. गेल्या दोन-अडीच दशकांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बहुतेक टीमांनी ती या ना त्या रूपात स्वीकारली आहे. रोज सकाळी उभ्याउभ्या घ्यायची पंधरा मिनिटांची बैठक, म्हणजे 'स्टँड-अप'. दोन आठवड्यांची कामाची एक फेरी, म्हणजे 'स्प्रिंट'. वापरणाऱ्याची गरज एका वाक्यात मांडायची, ती 'यूजर स्टोरी'. कामाचा आकार ज्या आकड्यांत मोजायचा ते 'पॉइंट'. आणि फेरी संपल्यावर मागे वळून पाहण्याची बैठक, ती 'रेट्रो'. ही कर्मकांडे आज हिंजवडीतल्या कोणत्याही इमारतीत सुखेनैव चालू असतात. पण ज्या कामासाठी ती निर्माण झाली ते काम आता तसे राहिलेले नाही. नवी आवृत्ती दोन आठवड्यांनी बाहेर पडत नाही, कित्येक ठिकाणी दिवसातून अनेकदा पडते. टीम एका खोलीत बसत नाही. २०२० नंतर ती साताऱ्यापासून लातूरपर्यंत आपापल्या घरांत विखुरली आहे. आणि अलीकडे तर प्रोग्रॅमचा बराचसा मजकूर यंत्रच लिहून देऊ लागले आहे. मग या पद्धती आजच्या कामाला कशा जुळवून घ्यायच्या, हा प्रश्न जो तो विचारतो. आमचे उत्तर इतकेच, की जुळवून घेण्यापूर्वी त्या एकदा नीट वाचाव्यात.

न वाचता स्वीकारण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. १९७० साली विन्स्टन रॉईस या अमेरिकी अभियंत्याने मोठ्या संगणकप्रणालींच्या व्यवस्थापनावर एक लेख लिहिला. त्याच्या आरंभी एक आकृती आहे. आधी गरजा नोंदवायच्या, मग विश्लेषण, मग रचना, मग प्रत्यक्ष प्रोग्रॅम, मग चाचणी. असे एकेका पायरीवरून खाली उतरणारे काम. या आकृतीला पुढे 'वॉटरफॉल' हे नाव मिळाले (तो शब्द रॉईस यांच्या लेखात कुठेही नाही) आणि कित्येक वर्षे ती आदर्श म्हणून मिरवली. लेख पुढे वाचला तर दिसते, की आकृती काढल्याबरोबर रॉईस बजावतात : हे असेच राबवणे धोक्याचे आहे, चाचणी अगदी शेवटी येत असल्याने चूक फार उशिरा कळेल. उरलेला सगळा लेख त्या आकृतीच्या दुरुस्तीचा आहे. नवीन स्वरूपाची प्रणाली असेल तर ती दोनदा बांधा, असाही एक सल्ला त्यात आहे. लोकांनी चित्र उचलले आणि मजकूर मागे ठेवला. पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजण्याचा हा प्रकार आपल्या शास्त्रग्रंथांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

या जड पद्धतीला कंटाळलेली सतरा माणसे २००१ च्या फेब्रुवारीत, ११ ते १३ या तारखांना, अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरी ठिकाणी जमली. प्रत्येकाचा आपापला पंथ होता. केंट बेक यांचे 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग', केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांचे 'स्क्रम', ॲलिस्टर कोबर्न यांचे 'क्रिस्टल'. त्यातल्या 'स्क्रम' या शब्दाचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नव्या उत्पादनांच्या निर्मितीवर लेख लिहिला होता. फूजी-झेरॉक्स, कॅनन, होंडा अशा कंपन्यांत छायाप्रतीची यंत्रे, कॅमेरे, मोटारी कशा घडल्या हे पाहून ते म्हणाले, की काठी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या शर्यतीसारखे हे काम होत नाही. रग्बीत सगळा संघ चेंडू आपसात देत-घेत एकत्र पुढे सरकतो, तसे होते. म्हणजे आज 'प्रॉडक्ट'च्या कामाला ही पद्धत लावायची की नाही, असा प्रश्न विचारणारे एका अर्थी तिला तिच्या माहेरीच परत पाठवत असतात.

स्नोबर्डपर्यंत या सगळ्यांना मिळून 'हलक्या पद्धती' म्हटले जाई. कोबर्न यांची कुरकुर अशी, की पद्धत हलकी म्हटलेली चालेल, पण हलक्यांच्या सभेला आलेला हलका माणूस म्हणवून घ्यायला आपण राजी नाही. शेवटी 'ॲजाइल' हा शब्द ठरला. मार्टिन फाउलर या इंग्रज गृहस्थांना एवढीच शंका होती, की बहुतेक अमेरिकनांना त्याचा उच्चार करता येत नाही. त्यांनी काढलेल्या पत्रकात चार जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीतली पहिली बाजू दुसरीपेक्षा अधिक मोलाची मानली आहे : प्रक्रिया व साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालती प्रणाली, करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. दुसऱ्या बाजूलाही मोल आहे, असे तिथेच स्पष्ट म्हटले आहे. कागदपत्रे लिहिणाऱ्या आमच्यासारख्याच्या वाट्याला त्यात दुय्यम बाजू आली, याबद्दल आमची तक्रार नाही.

'ॲजाइल'ला मराठीत आम्ही 'चपळ' म्हणतो. 'लवचीक' वेताच्या छडीलाही लागते, 'तत्पर' सरकारी जाहिरातीलाही. 'चपळ' मात्र जिवंत प्राण्याला लागते. पाय कुठे पडतो आहे हे पाहून पुढचा पाय टाकणाऱ्याला. व्याकरणात हे अविकारी विशेषण आहे : चपळ मुलगा, चपळ मुलगी, चपळ मुले. बाजारात मात्र त्याला नाना विकार जडले. त्याचे प्रशिक्षणवर्ग निघाले, प्रमाणपत्रे निघाली, सल्लागार निघाले. 'आम्ही ॲजाइल करतो' असे लोक बोलू लागले, जणू ते उपवासासारखे करण्याची गोष्ट असावी. सतरांपैकीच एक, डेव्ह थॉमस, यांनी २०१४ साली एका लेखात नेमके हेच दुखणे सांगितले. हा शब्द विशेषण होता, त्याचे नाम केले गेले, आणि नाम झाले की वस्तू होते, वस्तू झाली की विकता येते, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना हवे होते ते 'चपळाई' हे भाववाचक नाम : कुठे आहोत ते पाहावे, लहानसे पाऊल टाकावे, जे कळले त्यानुसार दिशा सुधारावी, पुन्हा तेच करावे. एका प्रोग्रॅमरने शब्दांच्या जातीवरून आपल्या धंद्याचे निदान करावे, हे वाचून आमचा ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे.

चित्र उचलून मजकूर टाकण्याचा प्रकार पुढेही चालूच राहिला. २०१२ साली हेन्रिक निबर्ग आणि अँडर्स इव्हारसन यांनी स्पॉटिफाय या संगीत पुरवणाऱ्या कंपनीतील टीमांच्या रचनेवर एक टिपण प्रसिद्ध केले. स्क्वाड, ट्राइब, चॅप्टर, गिल्ड अशी तिथली नावे. ही आमच्या आजच्या कामाची केवळ एक झलक आहे आणि ती बदलत राहील, असे लेखकांनी त्यातच लिहिले होते. जगभरच्या कंपन्यांनी नावे मात्र जशीच्या तशी उचलली आणि जुन्याच खात्यांच्या दारांवर नव्या पाट्या लावल्या.

इथवरचे सारे ज्याला हवे त्याला वाचायला मिळेल असे आहे. आता जे सांगायचे ते आम्ही स्वतः वाचलेल्या एका वेगळ्या प्रकारच्या मजकुराविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीत नव्याने दाखल झालो. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तशा अनेक आहेत. ती पतसंस्थांसाठी एक प्रणाली बनवत होती आणि तिचा मुख्य भाग पिग्मी एजंटाच्या मोबाइलवर चालणारा होता. पिग्मी ही योजना १९२८ साली उडुपीला, पुढे जी सिंडिकेट बँक झाली त्या संस्थेने सुरू केली. बँकेपर्यंत न येणाऱ्या माणसाच्या दारी रोज जाऊन दोन-दोन आणे गोळा करायचे, ही तिची कल्पना. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती इतकी आपलीशी केली, की भाजीवाली, पानवाला, सायकल दुरुस्त करणारा यांच्या बचतीचे दुसरे रूप अनेक गावांना ठाऊकच नव्हते. एजंट रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी येतो, पैसे घेतो, पावती देतो. हा सारा व्यवहार त्या एका माणसावरच्या विश्वासावर उभा असतो.

आमच्याकडे काम आले ते माहितीपुस्तिका लिहिण्याचे. त्यासाठी मागच्या दीड वर्षातली टीमची सगळी टिपणे आमच्या हवाली करण्यात आली : यूजर स्टोऱ्या, तिकिटे, स्टँड-अपच्या नोंदी, रेट्रोचे सारांश. पाठचिकित्सेच्या तासाला शिकलेली सवय अशी, की पोथी हाती आली की आधी तिचा क्रम लावायचा आणि मग गाळलेल्या जागा पाहायच्या. त्या सवयीने वाचता वाचता एका ठिकाणी आम्ही थबकलो.

आम्ही येण्यापूर्वी वर्षभर आधी प्रणालीत एक गंभीर दोष निघाला होता. बाजारात रेंज गेली की पावतीची नोंद अडकून पडे. एजंट वाट पाहून बटण पुन्हा दाबी. रेंज परत आल्यावर दोन्ही नोंदी मुख्य संगणकावर जात. रात्री हिशेब जुळवताना जमा दाखवलेली रक्कम एजंटाच्या पिशवीतल्या रकमेहून जास्त निघे, आणि फरक त्याला खिशातून भरावा लागे. दुरुस्ती व्हायला काही आठवडे गेले. तोवर एका तालुक्याच्या गावातल्या दोन एजंटांनी काम सोडले होते. एकावर तर खातेदारांनीच संशय घेतला. कारण दोनदा जमा झालेली रक्कम नंतर वजा केलेली त्यांनी पाहिली होती, ती दोनदा का जमा झाली हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुरुस्ती स्वतः सोपी होती. पावती फाडतानाच मोबाइलवर तिला एक क्रमांक द्यायचा; तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर मुख्य संगणकाने ती नोंद पुन्हा करायची नाही. मग हे आधी कोणाला सुचले नाही काय?

सुचले होते. दोष उघड होण्याच्या कितीतरी आधीच्या एका स्टँड-अपच्या नोंदीत, इंग्रजी ओळींच्या गर्दीत, रोमन लिपीत पण मराठीत लिहिलेले एक वाक्य आम्हाला सापडले : "बाजारात रेंज गेली की एजंट काय करतो, हे आपण कोणी बघितलंय का?" लिहिणारी टीममधली एक तरुण टेस्टर. त्यापुढे उत्तर होते : "ऑफलाइन घेऊ." म्हणजे हा विषय या बैठकीत नको, नंतर वेगळे बोलू. या क्षेत्रात हा वाक्प्रचार इतका रुळला आहे, की जी गोष्ट मुळातच रेंज नसतानाची आहे तिच्या बाबतीत तो वापरण्यातला विरोध कोणाच्या ध्यानात आला नसावा. आठवडाभराने तोच प्रश्न पुन्हा आहे, उत्तरही तेच. तिसऱ्यांदा तिने त्याचे तिकीट केले. ते चार दिवसांनी 'इथे तसे घडत नाही' या शेऱ्यानिशी बंद झाले. कंपनीच्या कार्यालयात वायफाय उत्तम होते. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारलेला दिसत नाही. पुढे दोष उघड झाला, रेट्रो झाली, सारांशात 'संवाद सुधारण्याची गरज' अशी एक ओळ आली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती नोकरी सोडून गेली होती. आम्ही तिला कधी भेटलो नाही. तिची वाक्ये तेवढी वाचली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती टीम पद्धतीबाबत हलगर्जी नव्हती. स्टँड-अप रोज होत होती आणि पंधरा मिनिटांतच संपत होती. स्टोऱ्या लिहिल्या जात होत्या, पॉइंट मोजले जात होते. आकृतिबंधात कुठेही उणे नव्हते. नेमक्या त्या आकृतिबंधाच्या आधारानेच एक खरा प्रश्न तीनदा बाजूला सारला गेला. म्हणून प्रत्येक पद्धत कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मली, हे पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आधी यूजर स्टोरी घेऊ. केंट बेक आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारप्रणालीवर काम करत होते. तिथे गरजा जाड दस्तऐवजात न लिहिता छोट्या कार्डांवर लिहीत. त्या गटातले रॉन जेफ्रीज यांनी २००१ साली स्टोरीची तीन अंगे सांगितली : कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्ड हे केवळ निमित्त, खरी स्टोरी कार्डाभोवतीच्या बोलण्यात. त्याच सुमारास लंडनच्या कॉनेक्स्ट्रा या कंपनीतल्या टीमने तिला एक साचा दिला : 'अमुक म्हणून मला तमुक हवे, म्हणजे अमके साधेल.' साहित्याच्या विद्यार्थ्याला यातली गंमत लगेच कळेल. येथे प्रोग्रॅमरला दुसऱ्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी एकवचनात बोलायला लावले आहे. ही एका वाक्याची नाट्यछटाच म्हणायची. पण दिवाकरांच्या नाट्यछटेत बोलणारे माणूस कोण, कुठे उभे आहे, कोणाशी बोलते आहे, हे त्याच्या बोलण्यातूनच उभे राहते. आमच्या हाती आलेल्या शेकडो स्टोऱ्या मात्र 'वापरकर्ता म्हणून मला' अशाच सुरू होत होत्या. त्या वापरकर्त्याच्या पायात चप्पल नव्हती, हातात पिशवी नव्हती, समोर घाईला आलेली भाजीवाली नव्हती. पात्र नाहीसे झाले आणि प्रथमपुरुष तेवढा शिल्लक राहिला.

पॉइंटांची कथा याहून रंजक आहे. बेक यांच्या गटात आधी 'आदर्श दिवस' मोजत. म्हणजे कोणी व्यत्यय आणला नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे तिप्पट लागत. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का, असे वरिष्ठ विचारत. म्हणून दिवस हा शब्द टाकून 'पॉइंट' म्हणू लागले. जेफ्रीज यांनीच २०१९ साली लिहिले, की पॉइंट कदाचित आपणच शोधले असतील, आणि तसे असेल तर त्याबद्दल खेद वाटतो. पुढे पत्त्यांसारखी कार्डे घेऊन अंदाज करण्याचा प्रकार आला. तो २००२ साली जेम्स ग्रेनिंग यांनी मांडला. दोन ज्येष्ठ माणसे बैठकीत वाद घालत राहतात आणि बाकीचे गप्प बसतात, यावर त्यांनी काढलेला तो उपाय होता. सर्वांनी एकदम पत्ता उघडायचा; ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्यांनी आपापले कारण सांगायचे. आकडा हे बोलते करण्याचे साधन होते.

या पत्त्यांवर आज बहुधा १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे असतात. यांना फिबोनाची संख्या म्हणतात. पिसा गावच्या लिओनार्दोने १२०२ साली त्या युरोपला सांगितल्या. आपल्या छंदःशास्त्रकारांना त्या त्याहून जुन्या काळापासून माहीत होत्या. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा गण किती प्रकारे होईल? चार लघू; एक गुरू नि दोन लघू यांच्या तीन मांडण्या; दोन गुरू : एकूण पाच. पाच मात्रांचे आठ प्रकार, सहा मात्रांचे तेरा. विरहांकाने हे गणित मांडले आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने पुन्हा सांगितले. पुण्यातल्या एखाद्या थंडगार बैठकखोलीत कोणी आठाचा पत्ता उघडतो तेव्हा तो नकळत पंचमात्रिक गणाच्या प्रस्ताराची संख्या दाखवत असतो. पण छंदाच्या अभ्यासकाला जे पक्के ठाऊक असते ते व्यवस्थापकाला सांगावे लागते : मात्रा बरोबर भरल्या म्हणून कविता होत नाही. आम्ही वाचलेल्या नोंदींत पॉइंटांची बेरीज दर फेरीला वाढत होती, आणि वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात माणसागणिक ती मांडली जात होती. प्रश्न विचारण्याला पॉइंट नव्हते. त्या टेस्टरची बेरीज सर्वांत कमी होती. गप्प बसलेल्यांना बोलते करण्यासाठी निघालेल्या युक्तीने बोलणाऱ्या मुलीला गप्प केले होते.

आणि स्टँड-अप. काल मी काय केले, आज मी काय करणार, माझ्या वाटेत अडथळा कोणता, हे तीन प्रश्न त्या बैठकीचे मंत्र होऊन बसले. हेतू असा, की खेळाडूंनी एकमेकांकडे पाहून आजचा डाव ठरवावा. पण तिन्ही वाक्यांचा कर्ता 'मी'. साहजिकच ती वाक्ये सहकाऱ्याला उद्देशून न राहता वरिष्ठाला उद्देशून होतात, आणि डाव ठरवायच्या जागी हजेरी सुरू होते. स्क्रमच्या कर्त्यांनाही हे जाणवले असावे. त्यांच्या मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न वगळले आहेत. त्याआधी २०११ साली त्यांनी असाच एक शब्दबदल केला होता : फेरीत काय पूर्ण होईल याचे टीम 'वचन' देते असे न म्हणता 'अंदाज' बांधते असे म्हटले. वचन मोडू नये म्हणून माणूस खोटे बोलतो, चुकलेला अंदाज मात्र उघडपणे सांगता येतो. कित्येक कंपन्यांत आजही वचनच मागितले जाते, कारण त्यांनी मार्गदर्शिका ऐकली आहे, वाचलेली नाही.

आम्ही त्या टेस्टरची वाक्ये, त्यांवरची उत्तरे आणि पुढची तिकिटे तारखांनुसार मांडून दोन पानांचे टिपण केले आणि टीमपुढे ठेवले. भाष्य केले नाही. क्रम लावणे हेच पुरेसे होते. टीमच्या प्रमुखांनी ते वाचून काही बदल केले, आणि ते आजच्या कामाला धरून होते म्हणून सांगण्याजोगे आहेत. माणसे चार गावांत विखुरलेली असल्याने सकाळची बैठक लेखी झाली. ज्याला जसा वेळ मिळेल तसे त्याने लिहावे. पण तिच्या शिरोभागी अनुत्तरित प्रश्नांची यादी आली, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्याखेरीज कोणी तो मिटवायचा नाही, असा दंडक घातला. पॉइंट मूल्यमापनातून गेले. 'किती वेळ लागेल' याऐवजी 'या गोष्टीसाठी किती वेळ खर्चणे योग्य' असे विचारू लागले. रायन सिंगर यांनी २०१९ साली बेसकॅम्प कंपनीतल्या सहा-सहा आठवड्यांच्या फेऱ्यांचे वर्णन करताना यालाच 'भूक' हा शब्द वापरला आहे. नवी सोय आधी एका एजंटाला, मग एका पतसंस्थेला आणि त्यानंतर सर्वांना द्यायची, हे ठरले. आणि दर पंधरवड्याला टीममधल्या दोघांनी एखाद्या एजंटाबरोबर बाजारातून हिंडून यायचे.

आमचाही एकदा पाळी आली. मोबाइलवर नोंद करण्यापूर्वी एजंट स्वतःच्या छोट्या वहीत रक्कम लिहीत होता, आणि भाजीवाली मोबाइलकडे ढुंकूनही न पाहता त्या वहीत काय लिहिले ते वाकून बघत होती. आजवरच्या कोणत्याही स्टोरीत ती वही नव्हती. पुढे छापील पावतीवर आजच्या रकमेबरोबर कालपर्यंतची शिल्लकही आली, ती त्या वहीमुळे. सगळेच बदल टिकले असे मात्र नाही. लेखी बैठकीत काहीजण अहवालासारखे लांबण लावू लागले, आणि तिमाही संपत आली की बाजारातली फेरी हमखास रद्द होई. कोणताही आकृतिबंध काही काळाने घट्ट होतो, हा नियम येथेही लागू आहेच.

गेल्या दोन-तीन वर्षांत यंत्र प्रोग्रॅम लिहू लागल्यापासून हे सारे मोडीत निघणार, असे बोलले जाते. आम्हाला उलटे वाटते. दोन आठवड्यांची फेरी, पॉइंट, अंदाज यांच्या मुळाशी लिहिणे हे महागाचे काम आहे हे गृहीत होते. ते स्वस्त झाल्यावर महाग काय उरते? काय लिहायचे ते ठरवणे, आणि जे लिहून आले ते वाचून पारखणे. रेंज नसलेल्या बाजारात एजंट काय करतो, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागेल. आणि सांगणाऱ्याने ते पाहिलेले असावे लागेल. त्या मुलीच्या प्रश्नाची किंमत वाढली आहे, घटलेली नाही. ज्यांनी आयुष्यभर शब्द, त्यांचा वक्ता आणि त्यांची जागा यांचा विचार केला, त्या आपल्या विद्यार्थ्यांना येथे पुष्कळ काम आहे, असे आम्ही म्हणतो ते त्यांच्या पोटापाण्याची सोय म्हणून नव्हे.

शेवटी एक भाषिक अडचण नमूद करतो. स्नोबर्डच्या पत्रकाचे मराठी भाषांतर वर्गात करून पाहावे. पहिल्याच सर्वनामापाशी अडायला होईल. इंग्रजीचा प्रथमपुरुषी अनेकवचनी कर्ता मराठीत आणताना 'आम्ही' म्हणायचे की 'आपण', हे ठरवावे लागते. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. इंग्रजीला हा भेद दाखवावा लागत नाही, म्हणून कंपन्यांच्या भाषेत तो झाकून राहतो. या लेखातला 'आम्ही' निबंधकारांच्या जुन्या रिवाजाचा आहे आणि त्याचे ओझे कोणावर पडत नाही. टीममध्ये मात्र या निवडीवर बरेच काही अवलंबून असते. त्या दीड वर्षाच्या नोंदींत 'मी' हजारो वेळा आला आहे. 'आपण' आम्हाला एकदाच आढळला, तो त्या टेस्टरच्या वाक्यात. आणि बाजारात उभा असलेला एजंटही त्याच वाक्यात होता.